आण्णांनी हात केला होता

आधीच सांगतो, मी वडूजच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. अंगात येणं, करणी, भानामती... असलं काही कुणी सांगायला लागलं की मी त्याची अशी बिनपाण्यानं हजामत करायचो की गडी पुन्हा माझ्या वाटेला जायचा नाही. आज तोच मी या अंकासाठी हे लिहायला बसलोय.

गोष्ट शहाण्णव-सत्त्याण्णवची, मार्चमधली. आमच्याकडं एक जुनी मारुती व्हॅन होती आणि माझ्या बायकोला, सुमनला, पिकं फुलोऱ्यात आली की रविवारी फिरायला जायची भारी हौस. माघात करडई, फाल्गुनात सूर्यफूल... बघत बघत शेवटी तिच्या माहेरच्या शेतापाशी थांबायचं. विटा सोडून तासगावकडं निघालं की डाव्या हाताला, रस्त्याला लागूनच तिच्या वडिलांचं, म्हणजे आण्णांचं, सूर्यफूल असायचं. दाणा नीट भरावा म्हणून सकाळी हाताला तलम फडकं गुंडाळून एकेका फुलावरून फिरवावं लागतं, म्हणजे परागकण एकाचे दुसऱ्याला लागतात. हे काम आण्णा कधी मजुरांवर सोडायचे नाहीत. आमची गाडी दिसली की तोच फडकं बांधलेला हात वर करायचे.

"आवं पावणं, फुलं बगायला पेट्रोल जाळत येतायसा व्हय? लय पगार वाडला वाटतं मास्तरांचा!"

त्या वर्षी आण्णांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. सांगलीतल्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. खरं तर पहिल्याच दिवशी जायला हवं होतं. पण दहावीची परीक्षा, माझं सुपरव्हिजन... "रविवारी जाऊ," मी म्हणालो. तिसऱ्या दिवशी भल्या सकाळी शेजाऱ्यांकडं मेव्हण्याचा फोन आला — ताईला घेऊन लगेच निघा, काही खरं नाही.

साडेनऊ झाले असतील. ऊन चांगलं वर आलं होतं. शेत जवळ आलं आणि सुमननं माझं मनगट धरलं.

"आवं, थांबा! आण्णा!"

मी बघितलं. पिवळ्याधमक फुलांत छातीपर्यंत बुडालेले, अंगात बंडी, टोपी जरा तिरकी आणि उजवा हात वर... फडकं गुंडाळलेला. दहा-पंधरा पावलांवर. आण्णाच होते, मला स्वच्छ दिसले. नेहमीचं हसू तेवढं तोंडावर नव्हतं.

आणि मी ॲक्सिलरेटर दाबला.

हा माणूस सांगलीत पडलाय, त्याचा उजवा हात उचलत नाही, म्हणजे हे शक्य नाही — असं मी स्वतःला समजावलं. पण खोटं कशाला बोलू, मी घाबरलो होतो.

"कुणीतरी गडी असेल," मी म्हणालो. "उगाच वेळ नको घालवूस."

ती मागं वळून बघत राहिली. "हात करायलेत वं... अजून करायलेत..."

सांगलीत पोचलो तेव्हा अकरा वाजत आले होते. सासूबाई दारातच भेटल्या. आण्णा तासाभरापूर्वीच गेले होते.

"तीन दिस तोंडातनं शबुद न्हवता," त्या सुमनला सांगत होत्या. "साडेनवाला डोळं उगाडलं. लय हरकून म्हनलं, 'सुमी आली.' मी दाराकडं बगितलं तर कोन न्हाई. मग जरा येळानं म्हनलं, 'गाडी थांबली न्हाई गं.' आन् तोंड भिताडाकडं फिरिवलं... पुन्यांदा बोललंच न्हाईत."

सुमननं जो हंबरडा फोडला, तो अजून माझ्या कानात आहे.

नंतर मी सगळं तपासलं. त्या सकाळी शेतात कोण होतं, वस्तीवर विचारलं. कुणीच नव्हतं, सगळी भावकी दवाखान्यात होती. मनाचे खेळ म्हणावेत, तर दोघांच्या मनाला एकाच वेळी एकच दिसलं कसं? आणि सासूबाईंनी जे ऐकलं, त्याचं काय? आजतागायत मला याचा उलगडा झालेला नाही. होईल असं वाटतही नाही.

पण मला छळतं ते वेगळंच. सुमननं मला एकदाही दोष दिला नाही. उलट माहेरचं कुणी कुजबुजलं तर तीच माझ्या बाजूनं भांडते — "त्यास्नी दिसलंच न्हाईत आण्णा. दिसलं असतं तर त्यांनी गाडी थांबिवली नसती व्हय?"

तेव्हा मी खाली मान घालून जेवत राहतो.

हा अंक आमच्या घरी येतो. सुमन तो माझ्याआधी वाचते.