लितियाच्या गाण्याचा नंबर

अपाकुकीला चाळीस वर्षांत कुणी ‘मी’ म्हणताना ऐकलं नव्हतं. आमच्या फिजीत ही चांगल्या माणसाची खूण समजतात. त्याचं वाटोळं याच खुणेने केलं.

त्याची मुलगी लितिया एकोणिसाव्या वर्षी खडकांपलीकडे खेकडे धरायला गेली आणि भरतीत बुडाली. त्याने तिच्यावर गाणं रचलं. धृपदात तिचं नाव तीनदा येई. दर डिसेंबरात गाव तिच्या थडग्यापाशी बसून ते गाई आणि तेवढ्यापुरती ती घरी येई, असं तो मानायचा.

त्याचा भाचा केमुएली राजधानीत, सुवातल्या हॉटेलांत गातो. आमच्याकडे भाच्याने मामाच्या घरातलं काहीही उचलावं, मामाने हूं की चूं करू नये. त्याने गाणं उचललं, मामाकडूनच गाऊन घेऊन रेकॉर्ड केलं आणि नोंदणीसाठी दोघे गाण्यांच्या नोंदणी कचेरीत माझ्या टेबलापाशी आले.

माझं काम सोपं आहे. रचलेल्या गाण्याला एक नंबर. मग ते कुणीही, कितीदाही गावो, तो बदलत नाही. प्रत्येक रेकॉर्डिंगला मात्र आपापला वेगळा. रेकॉर्डिंगचा नंबर मी लगेच दिला. मग विचारलं, रचलं कुणी?

अपाकुकीने जमिनीकडे पाहिलं. “गावाचं आहे,” तो म्हणाला.

कोणताही भला माणूस हेच म्हणाला असता. मीही भलाच, आग्रह केला नाही. रचनाकाराच्या रकान्यात ‘पारंपरिक’ लिहिलं आणि गाण्यालाही नंबर दिला.

दोन वर्षांनी केमुएलीने तेच गाणं एका रिसॉर्टच्या जाहिरातीसाठी पुन्हा गायलं. चाल तीच, शब्द तेच. फक्त लितियाच्या जागी तीनदा रिसॉर्टचं नाव. नव्या रेकॉर्डिंगला नवा नंबर मिळाला. जुनं त्याने बाजारातून काढून टाकलं; गाण्याच्या नंबराखाली आता हे एकच उरलं.

अपाकुकी यांगोनाच्या मुळांची जुडी घेऊन कचेरीत आला; आमच्याकडे मोठं मागणं घालताना ती पुढे ठेवतात. खुर्ची असून जमिनीवर बसला. पोरीचं नाव परत घाला, एवढंच मागणं. मी सांगितलं, हरकत रचनाकाराला घेता येते, आणि इथे रचनाकार नाही. सरपंचाने लिहून दिलं तर बघू. सरपंचाने लिहून दिलंच होतं, पण रिसॉर्टला: गाणं गावाचं आहे म्हणून. समाजमंदिरावरचे नवे पत्रे रिसॉर्टचे आहेत.

त्याने भाच्याला गाठलं. केमुएली हसला. “मामा, साहेबांसमोर तूच म्हणालास ना, गावाचं? आता काय, म्हातारपणी ‘माझं माझं’ करणार?”

चार माणसांत हे ऐकल्यावर अपाकुकीने ते मागणं सोडून दिलं.

त्यानंतर तो एकदाच माझ्याकडे आला. म्हणाला, “लेका, माझ्या गाण्याचा नंबर तरी लिहून दे.” ‘माझ्या’ हा शब्द त्याच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. गाण्याचा मागितला, म्हणून गाण्याचा दिला. नियम तसाच आहे. त्याने तो पांढऱ्या रंगाने लितियाच्या क्रुसावर, नावाखाली लिहिला. पोरीच्या नावाचं गाणं त्यात जपून ठेवलंय, असं तो सगळ्यांना सांगे.

गेल्या डिसेंबरात थडग्यापाशी केमुएलीने तो नंबर फोनवर टाकला आणि आवाज मोठा केला. रिसॉर्टचं नाव तीनदा वाजलं. गावाने साथ धरली. पोरांना आता तेच शब्द पाठ आहेत. अपाकुकीकडे सगळे बघत होते, म्हणून त्यानेही धरली.

क्रुसावरचा नंबर नंतर मी स्वतः ताडून पाहिला. बरोबर आहे.