उतारावरचा हात

आर्णीहून थोडं आत गेलं की तांड्याच्या तोंडाशी, कडुनिंबाखाली, किसनसिंग राठोडची गाडी उभी दिसते. लाल, ठेंगणी, मागे दोन नळ्यांचा सायलेन्सर. सकाळी ती सुरू झाली की पलीकडच्या घरातला माणूस अंथरुणातूनच म्हणतो, ड्रायव्हर निघाला. दिसायला छोटी हॅचबॅक. पण इंजिन टर्बोचं, गिअरबॉक्स ऑटोमॅटिक, दोन क्लचचा. पाय जरासा टेकवला की समोरचा ट्रक आरशात गेलेला असतो.

साठीच्या माणसानं अशी गाडी कशाला घ्यावी, हे तांड्यात विचारून झालं होतं. जावयानंही विचारून पाहिलं होतं. "सात सीटची घ्या लागत होती मामाजी, सारे घरचे बसले असते." किसनसिंग हसून विषय बदलायचा. सगळी नोकरी त्यानं यष्टी चालवली होती. यवतमाळ, आर्णी, उमरखेड; उमरखेड, आर्णी, यवतमाळ. बसच्या वेगाला कुलूप असायचं. पाय तळाला लागला तरी काटा एका जागी येऊन उभा राहायचा, आणि मागून आलेली प्रत्येक जीप, कापसाचा प्रत्येक ट्रक त्याला ओलांडून जायचा. हयातभर त्यानं दुसऱ्यांच्या पाठी पाहिल्या. निवृत्त झाल्यावर त्याला एकच हवं होतं, पायाचं ऐकणारं इंजिन.

तो गाडी पळवायचा असं मात्र नाही. रुंद डांबरी रस्त्यावरही तो बेतानंच जायचा. पायाखाली काय दडलंय ते आपल्याला ठाऊक आहे, एवढ्यावर त्याचं भागायचं. काही माणसं अंगात ताकद असून हळू बोलतात, तशी त्याची चाल होती.

सोमवारी दुपारी यवतमाळच्या वर्कशॉपमधून फोन आला.

"काका, धम्मरत्न मुनेश्वर बोलतो, सर्व्हिस अॅडव्हायजर. तुमच्या गाडीची कंपनीची वॉरंटी शनिवारी संपून राह्यली. एक्स्टेंडेड घेता का? आनखीन दोन वर्षं. शनिवारनंतर सिस्टीम घेतच नाई."

त्यानं सांगितलेल्या रकमेत एक दुभती म्हैस आली असती. "सांगतो," म्हणून किसनसिंगनं फोन ठेवला.

सुखीबाई ओसरीवर तूर पाखडत होती. घरात नवराबायको गोरमाटीत, बंजाऱ्यांच्या बोलीत बोलत. वाद घालायचा असला की मात्र मराठीवर येत. डेपोत भांडायची सवय त्यानं घरी आणली होती आणि तिनं ती उचलली होती.

"कायले पाह्यजे वॉरंटी?" तो म्हणाला. "माह्या हातात गाडी बिघडली का कधी?"

"तुमच्या हातात?" तिनं सूप खाली ठेवलं. "अन् मांगं डेपो होता तो? तुम्ही राती गाडी लावून येत, तिकडे पोरं तिच्याखाली घुसत. सकाळी गाडी तयार. तुम्ही फक्त स्टेरिंग धरलं."

"फक्त?"

"बरं, हॉर्नबी वाजवला."

तो हसला, पण शब्द आत जाऊन बसले. नोकरीत त्याच्या हातून कोणाला साधं खरचटलं नव्हतं, आणि हे तो कुठंही मान ताठ ठेवून सांगायचा. त्या हातामागे रात्रभर जागणारी माणसं होती, हा विचार त्यानं कधी केला नव्हता. आता मागे कोण होतं? कडुनिंब होता. त्याची पानं टपावर पडायची.

आणखी एक गोष्ट होती, ती त्यानं सुखीबाईलाही सांगितली नव्हती. दिवाळीपासून गाडी मधूनच एक हिसका द्यायला लागली होती. बाजारात, गतिरोधकावरून हळू उतरताना, कोणी मागून बाही ओढावी तसा. रोज नाही, पण विसरू देईल इतका क्वचितही नाही. गाडी खोटी निघाली असेल तर वॉरंटी घ्यायलाच हवी होती. आणि हाताचंच काही चुकत असेल, तर कोणता कागद हाताला पुरणार होता? त्याला वॉरंटीचं एवढं काही वाटत नव्हतं. आपण अजून ड्रायव्हर आहोत की नाही, हे त्याला कळायला हवं होतं.

मंगळवारी सकाळी दोघं यवतमाळला निघाले. सुखीबाई मागच्या सीटवर, मधोमध. बसमध्ये तिला खिडकी मिळाली नाही की ती अशीच बसायची.

धम्मरत्न बोरी अरबचा, डिप्लोमा केलेला, कोरीव दाढीचा तरुण निघाला. त्यानं चहा मागवला आणि कागद पुढ्यात सरकवला.

"आधी काय नाई ते सांगतो काका. टायर नाई, ब्रेक पॅड नाई, क्लचच्या चकत्या नाई. घासून झिजते ते सगळं तुमचं. टर्बो आहे, सेन्सर आहे, एसी, स्क्रीन आहे. अन् गिअरबॉक्सचा कंट्रोल युनिट आहे. तो खोलून दुरुस्त होत नाई, पुराच बदला लागते. तेव्हा बिल पाहून मानूस खुर्चीत बसून जाते."

"म्हंजे घ्याच म्हनतो?"

"मी विकाले बसलो, मी घ्याच म्हनीन." तो मोकळं हसला. "पन आधी गाडी चालवून पाहा लागते मले. नियम आहे."

"चालवीन मी," किसनसिंग उठला. "तू बस बाजूले. तुह्या नियमात काय बसते ते पाह्य."

"अन् मी?" सुखीबाई म्हणाली.

"तू चहा पी."

"झाला पिऊन," म्हणत ती त्यांच्या आधी गाडीत जाऊन बसली.

धामणगाव रस्त्यानं ते करळगावच्या घाटाकडे निघाले. सपाटीवर किसनसिंगनं पाय दाबला, आणि पाठ सीटला चिकटवणारा तो जोर आला. धम्मरत्ननं नकळत वरचं हँडल धरलं. किसनसिंगच्या मिशीत हसू उतरलं. पुढे वळण दिसताच त्यानं वेग असा कमी केला की डॅशबोर्डवरची पाण्याची बाटली जागची हलली नाही.

"हात चांगला आहे काका," धम्मरत्न म्हणाला.

मग घाटाचा उतार लागला. दोन्ही बाजूंना पानं झडलेला साग, मधून खाली जाणारा रस्ता. इंजिनाचा आवाज एकाएकी बसला. गाडी हलकी होऊन वाऱ्यासारखी उतरू लागली. वळण जवळ आलं तसा एक हिसका बसला आणि इंजिन पुन्हा जागं झालं.

धम्मरत्ननं त्याच्याकडे पाहिलं. "काका, हे काय केलं?"

"काय केलं?"

"न्यूट्रल टाकली ना तुम्ही. चालत्या गाडीत, उतारावर."

"कोनी?"

"तुम्ही."

"मी नाई टाकली, बापू. ऑटोमॅटिक गाडीत लिव्हरले हातच कायले लावू मी?"

"टाकली जी," सुखीबाई मागून म्हणाली. "रोजच टाकता. उतार आला का हात जाते, उतार सरला का परत येते. मले वाटलं, चालवाची रीतच हाये ती."

पुढच्या उतारावर किसनसिंगनं नजर रस्त्यावर ठेवली आणि लक्ष डाव्या हाताकडे. हात स्टेअरिंगवरून उठला. कोणी हाक मारल्यासारखा शांतपणे लिव्हरकडे गेला. बोटं गोळ्यावर टेकली, तेव्हा कुठं त्यानं त्याला थांबवलं.

"तुम्ही जड गाडीवर होते ना?" धम्मरत्ननं विचारलं. "जुन्या डिझेलवाल्यांचाच हात असा जाते. माह्या मोठ्या बाचा ट्रक होता, त्याचाबी जाये."

किसनसिंगनं मान हलवली. दहा लिटर डिझेलमध्ये बसनं किती किलोमीटर काढले, यावर डेपोत ड्रायव्हरचं वजन ठरायचं. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये ढिली सोडू नका, असं ट्रेनिंगमध्ये बजावलं होतं. तरी त्यानं सोडली, कारण वाचलेल्या डिझेलपायी त्याचं नाव फळ्यावर लागायचं. डिझेल वाचवता वाचवता हातानं ते काम स्वतःकडे घेतलं. माणूस निवृत्त झाला, घरी आला, शाल-श्रीफळ मिळालं. निवृत्तीचा कागद हातापर्यंत पोचलाच नाही. तो अजून ड्यूटीवर होता.

घाट उतरून त्यानं गाडी कडेला घेतली. बाहेर येऊन बॉनेटला टेकला. धम्मरत्नही उतरला.

"काय होते त्यानं? साध्या बोलीत सांग."

"इंजिन तुम्ही झोपवता. चाकं पळून राह्यते. मंग वळनावर एकदम दोघाईले जोडून देता. ते मेळ बसवाचं काम क्लचले करा लागते, दर उतारावर. ते घासते, तापते. अन् उतारावर इंजिन गाडीले मांगं धरून ठेवते, तेबी तुम्ही सोडून देता. सारा भार ब्रेकवर."

"डिझेल वाचते पन."

"ही पेट्रोल आहे काका. अन् गिअरमध्ये पाय उचलला का पेट्रोल आपोआप बंद होते. उलट न्यूट्रलमध्ये जळते."

किसनसिंग आधी थक्क झाला, मग मोठ्यानं हसला. घाटातलं एक माकड दचकून बाजूला झालं. इतकी वर्षं ज्याचा अभिमान बाळगला, त्यानं या गाडीत एक थेंबही वाचला नव्हता. लाज वाटायला हवी होती, पण त्याला मोकळं वाटलं. गाडी खोटी नव्हती. आणि हात हुकमतीतून सुटला होता, इतकंच. आंधळा झाला नव्हता.

"कांई वेगो?" सुखीबाईनं काच खाली करून आपल्या बोलीत विचारलं, काय झालं म्हणून.

"काई नाई. फुकटात नोकरी करून राह्यलो होतो." मग तो धम्मरत्नकडे वळला. आता गप्प राहिलं तरी चालण्यासारखं होतं. कागद तयार होता, सही करायची, घरी जायचं. पण गाडीचा दोष लपवून ती दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती द्यायची नाही, हे त्यानं नोकरीत पाळलं होतं. "अन् आयक. दिवाळीपासून हिसका देते ती. हळू चालवताना. कोनाले सांगितलं नाई मी. लिहून घे. त्यानं तुही वॉरंटी भेटत नसन तर नको भेटू दे."

"कोनालेच नाई?" सुखीबाई काचेतून म्हणाली. "मले समजत नाई का? मान हालते माही."

धम्मरत्ननं लिहून घेतलं. "शनिवारपावतर पहिली वॉरंटी चालू आहे. आजच पाहून घेऊ."

गाडी वर्कशॉपमध्ये लिफ्टवर चढली. दोघं काचेपलीकडच्या बाकावर बसून राहिले. जेवणाच्या सुमारास धम्मरत्न आला. चकत्या झिजल्या होत्या, पण मर्यादेत. कंट्रोल युनिट निरोगी होता. झिजलेल्या चकत्यांशी मेळ घालायला गिअरबॉक्सला कॉम्प्युटरनं नव्यानं शिकवावं लागतं, ते त्यानं केलं होतं.

"हिसका जाईन. पन तुम्ही तसंच चालवलं तर परत येईन, अन् चकत्यांचा खर्च मंग कंपनी देनार नाई. सांगा आता, घेता का?"

किसनसिंग काचेतून गाडीकडे पाहत राहिला. खाली दोन पोरं वाकून काहीतरी घट्ट करत होती. डेपोत अशीच माणसं असायची. त्यांची नावं त्याला कधी ठाऊक नव्हती, आणि त्यांच्यामुळं आपला हात कमी ठरतो असंही त्याला कधी वाटलं नव्हतं. मग आजच का वाटावं?

"घेतो," तो म्हणाला. "क्लच माह्याकडं राहू दे. ते हाताचं काम हाये, हात सांभाळीन. डब्ब्यातलं, वायरीतलं तुमच्याकडं. तिथं माहा हात पोचत नाई."

"अन् हातानं आयकलं नाई तर?" सुखीबाईनं विचारलं.

"आयकन. माहाच हाये."

परतीला ऊन कललं होतं. आर्णी रस्त्यावरचा पहिला उतार आला. हात उठला. अर्ध्यात थांबला, आणि स्टेअरिंगवर परत आला. किसनसिंगनं पाय उचलून घेतला. इंजिननं खालच्या पट्टीत एक सूर धरला आणि गाडीला अलगद पोटाशी आवळून उतरवत नेलं. उतारावर गाडी अशी धरून ठेवते, हे त्याला आज पहिल्यांदा जाणवलं. दुसऱ्या उतारावर हात नुसता थरथरला. तिसऱ्यावर मात्र थेट जाऊन पोचला.

"ओ ड्रायव्हर," मागून आवाज आला.

त्यानं हात चटका बसल्यासारखा उचलला.

"दोन वर्षं मले असंच संग बसा लागन का?" सुखीबाई म्हणाली.

"कागदात नाई लिहिलं तसं."

"मंग?"

"पन बस," किसनसिंग म्हणाला. "पुढं ये. मधात बसून मांगून कायले वरडतं?"

त्यानं गाडी कडेला घेतली. ती उतरली, पदर सावरत पुढच्या सीटवर येऊन बसली, बेल्ट ओढून लावला, आणि पुढच्या उताराची वाट पाहत त्याच्या डाव्या हातावर नजर रोखून राहिली.