इंग्रज नायिका कशाने गेली

तमाम वाचकांस अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, सत्तरच्या दशकात, सांगली मुक्कामी, एका रविवारी दुपारी चारच्या सुमारास मी एका निष्पाप इंग्रज तरुणीचा जीव घेतला. साक्षीदार चार होते. मयत पुठ्ठ्याच्या बांधणीत, दवाखान्याच्या टेबलावर पडलेली होती. गुन्हा कबूल आहे. फक्त तो कसा घडला तेवढं ऐकून घ्या.

त्या दवाखान्यात महिन्यातून एकदा ‘पैज’ चालायची. महिन्याला एक इंग्रज लेखक, त्याचं एक पुस्तक, आणि त्यावर एकाने उभं राहून बोलायचं. जो पुस्तक न वाचताच बैठकीला येईल त्याने सगळ्यांना भडंग खिलवायचा. प्रत एकच असल्यामुळे ती हातोहात फिरे. मंडळी तीन. दवाखान्याचे मालक डॉक्टर, एक वकील, आणि साताऱ्याहून निवृत्त होऊन सांगलीला भावाकडे राहायला आलेल्या मुख्याध्यापिका बाई. चहा करायला दवाखान्याचे कंपाउंडर. फौजेतून परतलेले, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. ते पुस्तक वाचत नसत, पण एक शब्द चुकवत नसत.

मी साताऱ्यात याच बाईंच्या हाताखाली इंग्रजी शिकलेला. मॅट्रिकनंतर सांगलीच्या साखर कारखान्यात कारकून म्हणून चिकटलो आणि पुस्तकं सुटली. एकदा बाई बाजारात भेटल्या. “वाचतोस का रे काही?” म्हणाल्या. मी म्हणालो, “हो बाई, पत्रकं.” त्यांचा चेहरा असा उतरला की जणू मी दारू प्यायलो असं सांगितलं. लगेच त्यांनी पैजेत माझं नाव घातलं.

वकिलांना ते रुचलं नाही. “बाई, साखरेच्या पोत्यावर बसणाऱ्याला इंग्रजी कादंबरी काय कळणार? एकदा बोलू दे. नाही जमलं तर पुन्हा नाव काढायचं नाही.”

“नाही जमलं तर मीही यायची नाही,” बाई म्हणाल्या.

झालं! आता माझ्याबरोबर बाईंचीही जागा पणाला लागली. त्या महिन्याच्या कादंबरीची प्रत वकिलांनी एका दिवसात परत केली. “संपवली. बरी आहे,” म्हणाले. मग ती आठ दिवस माझ्याकडे आली. मी जेवताना वाचली, सायकल हातात धरून चालताना वाचली. अडलेल्या प्रत्येक शब्दाला कोश उघडला. फक्त एका शब्दाला नाही, कारण तो मला पाठ होता. नायिकेच्या घरचे कुजबुजतात तो शब्द: ‘कन्झम्पशन’.

आमच्या कचेरीत खपाच्या अर्थाने हा शब्द रोज हाताखालून जाई. चुन्याचं कन्झम्पशन, गंधकाचं कन्झम्पशन, डिझेलचं कन्झम्पशन. फोरमन त्याचं सरळ मराठी करून ओरडायचा, “आज ट्रॅक्टरनं किती खाल्लं रं?” तेव्हा नायिकेला काय झालंय ते मला लख्ख कळलं. पोरगी खात होती!

आणि पुरावे कसे पटापट जुळत गेले म्हणून सांगू! तिला सारखा खोकला येतो. येणारच; घाईने खाणाऱ्याला ठसका लागतो. जेवणाच्या टेबलावर ती घासही घेत नाही. कशाला घेईल? आधीच लपून खाल्लेलं असणार. रुमालावर लाल डाग पडतात आणि ती तो आईपासून लपवते. जॅम! पाचगणीचा स्ट्रॉबेरीचा जॅम मी पाहिला होता, रंग बरोबर तोच. शेवटी कादंबरीतला डॉक्टर तिला समुद्रकाठी हवापालटाला पाठवतो. पचनासाठी, दुसरं काय?

रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिलो आणि वीस मिनिटं बोललो. प्रेमभंगाचं दुःख माणूस पोटात ढकलतो, ही बिचारी त्यावर जॅम ढकलत राहिली आणि अति खाण्याने गेली, असं सांगून मी पुस्तक मिटलं. बाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. मला वाटलं, जिंकलो.

वकील खाकरले. “मुद्दा काही नवा नाही. मला वाचतानाच लक्षात आलं होतं. पण मरणाच्या आदल्या दिवशीची ती मेजवानी तर यांनी गाळलीच!”

इथे जरा पडदा पाडतो, कारण पुढे ऋण मानायला सवड मिळणार नाही. त्या दवाखान्यातल्या बाकावर मी पुढे कैक वर्षं बसलो. जन्मभर पुरेल एवढी श्रीमंती त्या बाकाने मला दिली. बाई गेल्या तेव्हा त्यांचा शब्दकोश त्यांच्या भावाने माझ्या घरी आणून दिला. आजही मी ओळखीचे शब्द आधी बघतो, अनोळखी नंतर. ही सवय मला कुठल्याही परीक्षेने लावली नाही. असो. पडदा वर!

डॉक्टरांनी हळूच विचारलं, “हे खाण्याचं कुठं वाचलंत?”

मी पान उघडून शब्दावर बोट ठेवलं. ते हसले नाहीत. “अहो, त्या काळी क्षयाला असं म्हणायचे. खाते ती पोरगी नव्हे. रोग तिला खातो.”

मी पानं मागे उलटली. तो खोकला. तो रुमाल. आईपासून लपवलेला तो लाल डाग. हातातलं पुस्तक एकाएकी जड झालं. माझ्या डोक्यात जी पोर आठ दिवस जॅम खात होती, ती एवढं सगळं एकटीनं सोसत होती, आणि मी तिचे घास मोजत बसलो होतो. मी खाली बसलो.

वकील सावरले. “बघा बाई. ठरल्याप्रमाणे…”

बाईंनी पिशवी उचलली आणि मला उठायची खूण केली. मीही उठलो. तोच कंपाउंडरांनी चहाची किटली टेबलावर ठण्णकन ठेवली.

“थांबा वो बाई. वकीलसायेब, ती पोरगी खातच नव्हती, तर तुमची मेजवानी कुटनं आली?”

वकिलांचा हात टायच्या गाठीवर गेला. “म्हणजे… तसं नव्हे… सारांश…”

डॉक्टर खिडकीकडे बघू लागले. बाई पिशवी मांडीवर घेऊन पुन्हा बसल्या. आणि कंपाउंडर कपात चहा ओततच म्हणाले, “आवं, ह्यो गडी वाचून चुकला. तुमी तर न वाचताच चुकला की! आणा आता भडंग!”