बाबांना आवडलेला सिनेमा

आई गेल्यावर दोन महिन्यांनी मी बाबांना दिवेआगरहून अलिबागला सिनेमाला नेलं. लग्न झाल्यावर आई-बाबांनी पाहिलेला गाण्यांचा कौटुंबिक सिनेमा तिथे पुन्हा लागला होता. मला तो आवडला. गाणी गोड होती, घर माणसांनी भरलेलं होतं. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "गाणी बरी हायत. पण एवढ्या माणसांची भांडी कोण घासतं, ते काय दिसलं न्हाय."

घरी परतायची त्यांना घाई नव्हती, म्हणून लगेच दुसराही पाहिला. तो शहरातल्या एका जोडप्याचा होता. बायको सोडून गेल्यावर नवरा चहापावडर शोधत एकेक डबा उघडत राहतो. "किती लांबवलंय," मी कुजबुजले. मी बाबांकडे वळले. पाहते तर ते रडत होते.

परतताना एसटीत ते म्हणाले, "बाय, हा सिनेमा खरा हाय. तुझ्या आईला मी कधी विचारलंच न्हाय, दमलीस का म्हणून."

 मी ऑफिसची रजा वाढवून आणखी आठ दिवस बाबांकडे राहिले. बाबा रोज आईबद्दल बोलत होते. त्यातलं बरंचसं मला ठाऊकच नव्हतं.