पाटीवरची तिसरी ओळ

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. सांगायला आहे तरी किती — एका पाटीची गोष्ट.

ऐंशीच्या दशकात सौंसरला मालगुजारांचा, म्हणजे तिथल्या जुन्या जमीनदारांचा, खाजगी बगीचा गावासाठी खुला होणार होता. मी शाळेत मास्तर. अक्षर बरं, म्हणून बगीच्याचा इतिहास पाटीवर लिहायचं काम माझ्याकडे आलं.

पण इतिहास माहीत कोणाला? यमुनाबाईला. तिचा नवरा दशरथ तिथे जन्मभर माळी होता. मालकांनी फक्त संत्री लावायला सांगितली होती. नाल्याकाठचं रान — जांभळं, बेहडे, मोह — दशरथने आपल्या मनाने वाढवलं. उन्हाळाभर दोघांनी डोक्यावरून पाणी आणून घातलं. यमुनाबाई मला झाडाझाडापाशी नेऊन सांगायची, बोलता बोलता खोडावर हात फिरवायची. मी सगळं लिहून घेतलं. मनापासून लिहिलं होतं हो.

मालगुजार तोवर वारले होते. त्यांच्या मुलाने कागद वाचला. "बौद्धपुऱ्यातलं नाव कशाला, गुरुजी?" एवढंच म्हणाला. दटावलंसुद्धा नाही. आणि मी — तिथेच, त्याच्याच पेनाने दशरथचं नाव खोडलं, त्याच्या वडिलांचं घातलं. कशासाठी? उद्घाटनाला स्टेजवर मला खुर्ची होती — तिच्यासाठी?

पण हेही नव्हे. याहून वाईट पुढे आहे.

उद्घाटन झालं तशी यमुनाबाई नवं लुगडं नेसून पाटीपाशी आली. तिला वाचता येत नव्हतं. "त्यायचं नाव कोठी हाय जी, गुरुजी?"

मी तिचं बोट धरलं — आणि तिसऱ्या ओळीत, मालगुजारांच्या नावावर ठेवलं. "हे पाहा, बाई."

तिने त्या अक्षरांवरून हळूच बोट फिरवलं. आणि हसली. नव्या नवरीसारखी हसली!

मग ती रोज यायची. पदराने तेवढीच ओळ पुसायची. शाळेत जायचा माझा रस्ता तोच. सांगता आलं नसतं का? रोज आलं असतं.

दोनेक वर्षांनी एका सकाळी नात तिच्यासोबत होती, नुकतीच वाचायला शिकलेली. पोरीने ओळ वाचली. थांबली. "आजी, यात आपल्या आबाजीचं नाव नाही वं."

"बराबर वाच. गुरुजीनं सोता दाखवलं मले."

मी चार पावलांवर सायकल धरून उभा. पोरीने पुन्हा वाचलं, मग वळून माझ्याकडे पाहिलं. मी सायकलवर टांग टाकली आणि निघून गेलो.

त्यानंतरही यमुनाबाई मला पाहून थांबायची, हात जोडायची. पोर जोडत नसे.