दारूबंदीच्या जिल्ह्यातली इटालियन वाईन

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, हे मला पक्कं माहीत होतं. तरीही ‘शेतावर इटालियन रेड वाईन आणि वऱ्हाडी जेवण’ ही जाहिरात पाहून मी फोन लावलाच. “आपल्याकडे परवानगी आहे, मॅडम. निश्चिंत या,” मालक म्हणाला. जेवणासकट माणशी तीन हजार. परवानगीचा कागद मी मागितला नाही. ती चूक माझीच.

शनिवारी सकाळी नागपूरहून टॅक्सीने एकटीच निघाले. सेलूपर्यंत रस्ता झकास. पवनारला धाम नदीच्या काठावर गरम आलुबोंडे खाल्ले. वर्धा, मग पुलगाव, तिथून आर्वीचा रस्ता. रोहण्याच्या अलीकडे फाटा लागतो आणि पुढचे दोन किलोमीटर नुसते खड्डे.

तुरीच्या शेतात मांडव, पांढऱ्या चादरींची टेबलं, आम्ही नऊ पाहुणे. मालकाने स्वतः बाटली उघडली. इटलीतल्या टस्कनीची कियांटी, तिथली नावाजलेली रेड वाईन. वास आंबटगोड, पिकल्या चेरीसारखा. चव कोरडी, जिभेला तुरट. सोबत पाटवडी-रस्सा. एक घास, एक घोट, आणि तोंडात आग! रश्श्याच्या तिखटाने वाईन पार कडू लागली.

“या लोकांना तिखटाशिवाय काही येतच नाही,” मालक हसत म्हणाला. हे तो स्वयंपाक करणाऱ्या कुसुमताईंसमोर म्हणाला! रस्साच करा, असं त्यानेच सांगितलेलं होतं.

कुसुमताई गावातल्याच, पन्नाशीच्या. त्यांनी मला हळूच विचारलं, “बाई, तुरट लागते का ते? मंग भरीतासंग घेऊन पाहा. तेल हाय त्यात, अन तिखट कमी.”

काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, वर कच्चं जवसाचं तेल, ज्वारीची भाकर. घोट घेतला आणि तुरटपणा विरघळला, वांग्याचा धुरकट वास मागे दरवळत राहिला. वाईनचा थेंबही न चाखलेल्या बाईने अचूक जोडी जमवली होती. मालक लगेच सगळ्यांना सांगू लागला, “ही माझी खास कल्पना.”

तेवढ्यात पोलिसांची जीप आली.

“बाटल्या कोणी आणल्या?” फौजदारांनी विचारलं.

मालकाने क्षणही दवडला नाही. कुसुमताईंकडे बोट केलं. “ही चोरून विकते, साहेब. मला आत्ताच कळलं.”

“मी काऊन आनू?” कुसुमताईंचा आवाज फाटला. “मी तं सकाळपासून वांगे भाजून राह्यली. मले त्या बाटलीवरचं वाचताबी येत नाई!”

मी पाहुण्यांकडे पाहिलं. अजून ओठही न पुसलेली आठ माणसं ताटात बघत होती. शिकलेली, गाड्यांतून आलेली माणसं! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

“साहेब, बाटली यांनी उघडली,” मी मालकाकडे हात केला. “माझ्या ग्लासात यांनीच ओतली. मी प्यायले.”

“म्हणजे केस तुमच्यावरही होईल, मॅडम.”

“करा.” मी म्हणाले.

ठाण्यात चार तास गेले. दवाखान्यात तपासणीसाठी रक्त दिलं, जबाब लिहून दिला. मालकाच्या गाडीत आणखी बाटल्या सापडल्या आणि संध्याकाळी कुसुमताईंना सोडलं. बाहेर त्यांनी माझा हात धरला. “तुमी बोलल्या म्हनून सुटली. पन जीपमधी बसताना गावानं पाह्यलं ना. उद्या मले कामाले कोन बोलावनार?”

मी त्यांना टॅक्सीने घरापर्यंत सोडलं.

घरी येऊन दोन आठवडे झाले. वाईनची चव विसरले. ते उचललेलं बोट विसरत नाही. काल माझे वकील म्हणाले, “रक्तात काही सापडलं नाही. ‘मी प्यायले’ एवढं मागे घ्या. बाकीचे पाहुणे म्हणतात, जेवणात वाईन वाढलीच नव्हती. तुम्हीही तसंच म्हणा, सुटाल.”

मी सुटेन. आणि मग मालकाने बोट दाखवलं तेव्हा खरं काय घडलं, हे सांगणाऱ्या एकट्या कुसुमताई उरतील.

नाही घेणार मागे.