कोऱ्या फॉर्मवरची सही

गेल्या मोसमातल्या पहिल्याच सामन्याला मी गोलच्या जाळ्यांऐवजी बायकोच्या जुन्या पातळांचं पोतं मैदानावर नेलं. दोन्ही पोती सारखीच, एकाच सुतळीनं बांधलेली, आमच्या जिन्याखाली शेजारी शेजारी ठेवलेली. गोधडीसाठी जमवलेली ती पातळं एकेक करून बाहेर यायला लागली तेव्हा समोरच्या गोलकीपरनं विचारलं, "सचिवसाहेब, अथीच वाळू घालता का?" सामना जाळ्यांशिवाय झाला. शेवटी शेवटी आमच्या कप्तानानं मारलेला चेंडू खांबाच्या आतून गेला की बाहेरून, यावर दोन्हीकडची माणसं भांडली आणि पंचानं तो बाहेरून गेला असं ठरवलं. जाळी असती तर तिनंच साक्ष दिली असती. हातातला विजय बरोबरीवर आला.

आमची पोरं मला खाऊ की गिळू करत होती. कप्तान तेवढा हसत होता. "भाऊजी, टेन्शन नका घेऊ. पुढच्या मॅचले जाळी मी आनतो, तुम्ही फक्त या." कप्तान म्हणजे माझा धाकटा साळा, बायकोचा भाऊ. त्याला चेंडू मारायला मीच शिकवलं, असं मी सांगतो. तो नाही म्हणत नाही.

आमच्या फुटबॉल लीगमध्ये दोन गट. अ गटात आठ संघ, त्यातला तळाचा एक दरवर्षी ब गटात उतरतो. आमचा क्लब वणीच्या खाणीकडचा. खेळणारे फिटर, ट्रक चालवणारे, एक गणिताचे मास्तर. मैदानावर कोळशाची धूळ इतकी की सकाळी मारलेली चुन्याची रेघ हाफटाइमला शोधावी लागते. हा क्लब अ गटात चढला तेव्हा गोलमध्ये मी उभा होतो. खरं सांगायचं तर चढलो ते माझ्या पुढच्या चार जणांमुळे. पण घरी मी ही गोष्ट सांगतो तेव्हा ते चौघं हळूहळू गळत जातात. माझी मुलगी एकदा म्हणाली, "बाबा, मागच्या वेळी तुम्ही दोन पेनल्टी अडवल्या होत्या, यावेळी तीन कशा झाल्या?" ते असो. चढताना गोलकीपर मी आणि उतरताना सचिव मी, एवढं मात्र मला होऊ द्यायचं नव्हतं.

मोसमभर आम्ही हरत गेलो. जे काही गोल झाले ते बहुतेक साळ्यानंच केले. शेवटचा एक सामना उरला तेव्हा आम्ही तळाच्या संघापेक्षा एकाच गुणानं वर होतो, आणि सामना त्याच संघाशी होता. तो संघ एका मोठ्या कंत्राटदाराचा. बरोबरी झाली तरी आम्ही वाचत होतो.

त्याच्या आदल्या रविवारी साळा आमच्याकडे जेवायला आला. बायकोनं पाटवड्यांचा रस्सा केला होता. जेवण झाल्यावर त्यानं टेबलावर शेंगदाणे मांडून आमचा संघ उभा केला. कोण कुठं उभा राहील, कोणाला कोण अडवेल, डाव्या बॅकचा गुडघा दुखतो तर त्याला कोण सांभाळून घेईल, हे सगळं तो मला विचारत होता आणि मी मोठ्या ऐटीत सांगत होतो. बोलता बोलता त्यानं डाव्या बॅकच्या जागचा शेंगदाणा तोंडात टाकला. मी हसलो. तोही हसला.

इथं आमच्या क्लबची एक रीत सांगायला हवी. खेळाडूंची यादी असो की क्लब सोडण्याचा ना-हरकत दाखला, लीगला सचिवाचा सही-शिक्का लागतो. आणि सही असली की खेळाडू मोसमात कधीही दुसरीकडे जाऊ शकतो, इतका आमच्या लीगचा नियम ढिला. मी खाणीच्या वजनकाट्यावर कारकून. ट्रकांची रांग लागलेली असताना कोणी सही मागायला आलं की मागचे ड्रायव्हर हॉर्न वाजवत माझ्या सात पिढ्या काढतात. म्हणून मोसमाच्या सुरुवातीलाच सचिवानं सगळ्या कोऱ्या फॉर्मवर सह्या करून शिक्के मारायचे आणि गठ्ठा कप्तानाकडे द्यायचा. माझ्या आधीच्या सचिवांनीही हेच केलं. घरातल्याच माणसाच्या हातात गठ्ठा देताना मला तर दुप्पट निर्धास्त वाटलं होतं.

सामन्याच्या दिवशी साळा आमच्या गाडीत आला नाही. फोनवर म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं, मी डायरेक्ट तथीच येतो." आला तो कंत्राटदाराच्या संघाच्या गाडीतून. त्यांच्या पिवळ्या जर्सीत. मला वाटलं, लिफ्ट मिळाली असेल. जर्सीबद्दल वाटलं, आपली धुवायला टाकली असेल. खरंच, हेच वाटलं. मी हात करून ओरडलो, "अबे, लवकर बदल, टॉस होऊन राह्यला!" तो खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी बांधलेलीच होती.

मग मी लीगच्या टेबलाकडे धावलो आणि लेखी हरकत घेतली. हा आमचा खेळाडू, ह्याला खेळता येणार नाही. समोरच्या संघाच्या सचिवानं एक कागद पुढं सरकवला. ना-हरकत दाखला. नाव साळ्याच्या अक्षरात भरलेलं, खाली माझी सही, शेजारी नेहमीसारखा तिरपा पडलेला शिक्का.

"सही तुमचीच हाये ना?" लीगच्या माणसानं विचारलं.

"हो."

"मंग हरकत कोन घेऊन राह्यलं?"

"मीच."

टेबलाभोवतीचे सगळे हसले. मीही हसलो असेन, मला सवय आहे. साळ्याजवळ जाऊन विचारलं, "काहून रे? कवा भरला हा फॉर्म?"

"पंधरा दिवस झाले, भाऊजी." तो माझ्या खांद्याकडे बघत होता. "मॅच झाल्यावर बोलू."

पंधरा दिवस. म्हणजे शेंगदाण्यांच्या आधी.

दुसऱ्या हाफमध्ये तो आमच्या डाव्या बाजूनं आत घुसला. बॅकचा गुडघा वळला नाही. गोल झाला तेव्हा त्याच्या नव्या संघातले सगळे त्याच्या अंगावर पडले, तो नाचला नाही, हातही वर केला नाही. नाचला असता तर बरं झालं असतं, मला नीट राग तरी धरता आला असता. आम्ही एका गोलनं हरलो आणि ब गटात गेलो.

 परतताना गाडीत फिटर म्हणाला, "सचिवसाहेब, सही कायले केली?" ही रीत त्याला माहीत नव्हती असं नाही. आणि उत्तराची वाट न बघता तो खिडकीबाहेर बघायला लागला. साळ्यानं मला फसवलं हे एक. पण गाडीतल्या दहा जणांना मीही त्यात सामील वाटत होतो.

घरी आलो तर बायको मेथी निवडत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. गाडी, पिवळी जर्सी, कागद, गोल. एरवी मी बाजारातून वांगी आणली तरी ती चार प्रश्न विचारते. आज एकही विचारला नाही. काड्या बाजूला टाकत राहिली.

"तुले माहीत होतं?" मी विचारलं.

तिनं जुडी खाली ठेवली.

"होतं. टीममधी येशीन तं पक्की नोकरी, असं त्या कंत्राटदारानं त्याले म्हटलं. तो तुम्हाले इचाराले येऊन राह्यलता, मीच म्हटलं, इचारू नको. तुम्ही थांब म्हटलं असतं तर तो थांबला असता, आन जलमभर टेम्परवारीच राह्यला असता. सही गठ्ठ्यात हायेच, भर म्हटलं. त्या रविवारी तो सांगाले आलता, पन तुम्ही बोलाले लागले आन त्याच्या तोंडून निंगालंच नाई. मायावर रागवा, जेवढं रागवायचं तेवढं. पन उद्या तो जेवाले येईन. बोलले नाई तरी चालते, ताटावरून मात्र उठू नका."